काखेतली चावडी

हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मेघास आबाजीचा जय भीम.

पत्र पाहून घाबरू नको. घरी सगळे बरे आहेत. तुझी आई म्हणाली, "घरात चार मोबाइल असताना पत्र काऊन लिहून राह्यले?" मी म्हटलं, मले फोनवर ऐकू येत नाई. ते खरं आहे. दुसरं खरं असं, की मला ऐकू यावं म्हणून ती फोनचा आवाज मोठा करते आणि आपलं बोलणं पानठेल्यापर्यंत जातं. मला जे विचारायचं आहे ते पानठेल्यावर जायला नको.

अक्षर वाकडं आलं आहे, सांभाळून घे. मी चौथी पास माणूस, त्यात हात जरा दुखतो.

तानबाची लाल गाय मेली. दसऱ्याच्या सुमारास जंगलाच्या धुऱ्यावर एका कोल्ह्याने तिच्या नाकाडाला चावा घेतला होता. जखम भरली, सगळे विसरले. दिवाळी झाल्यावर तिने चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा, आवाज बसलेला, पाण्याजवळ जायची आणि पाणी गिळता येत नव्हतं. तानबा म्हणाला, "हिच्या घशात काही तरी अटकलं." आपल्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे, जनावराची लाळ गळाली की घशात काही अटकलं समजायचं आणि हात घालून काढायचं. तानबाने जबडा धरला आणि गावातल्या एका माणसाने कोपरापर्यंत हात आत घातला. काही सापडलं नाही. गाईचा दात मात्र त्याच्या मनगटाला लागला. त्याने घरी जाऊन जखमेत तिखट भरलं.

दोन दिवसांनी गाय पडली. जनावरांचे डॉक्टर आले, लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, ही पिसाळलेली होती. मग विचारलं, "कोणी तोंडात हात घातला होता का?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. तानबा जमिनीकडे पाहत होता. त्या माणसाने हात पाठीमागे घेतला.

तू पुण्याला रोगजंतूंचंच शिकतेस, म्हणून तुला विचारतो. अशा माणसाचं काय होतं? किती दिवसांत होतं? पोटात चौदा सुया अजून देतात का? आणि आठवडा उलटून गेल्यावर सुया घेऊन काही उपयोग आहे का, की आता नुसतं पाहत बसायचं?

तो माणूस रोज सकाळी गडवाभर पाणी समोर ठेवून बसतो. पाण्याची भीती वाटते का ते पाहतो. मग पितो. गेलं घशाखाली की त्याचा एक दिवस निघतो.

फोन करू नको. पत्रच लिही.

तुझा आबाजी,
हरिदास

*

पुणे
२३ नोव्हेंबर २०२४

आबाजी, जय भीम.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. हे उत्तर पोस्टाने पाठवत बसले तर उशीर होईल. म्हणून हाताने लिहून त्याचा फोटो अश्वजितदादाला पाठवते. तो वर्ध्याहून घरी येताना झेरॉक्सच्या दुकानातून छापून, पाकिटात घालून तुमच्या हातात देईल. वाचायचं नाही अशी शपथ घातली आहे. पत्र वाचून झालं की तो तुम्हाला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेईल. आजच.

हो आबाजी, तुम्हाला. मी सातवीत असताना तानबाकाकाच्या वासराच्या घशात आंब्याची कोय अटकली होती. मी दोर धरला होता. गावात एवढा बारीक आणि लांब हात कोणाचा आहे हे मला तुम्ही सांगायचं?

रागावले नाही. आधी उत्तरं देते. पोटात सुया आता देत नाहीत. दंडात देतात, आणि चौदा नाहीत, चार-पाचच, महिन्याभरात. आठवडा गेला म्हणून उपयोग नाही असं मुळीच नाही. पण आणखी एक दिवसही घालवायचा नाही.

का ते सांगते, कारण तुम्ही ते समजून घेतल्याशिवाय मोटारसायकलवर बसणार नाही.

बाकीचे रोग अंगात आले की आरडाओरडा होतो. ताप येतो, जखम लाल होते, पू होतो. तो ओरडा आपल्या अंगाचाच असतो, अंग लढायला उठलेलं असतं. हा विषाणू मात्र आवाज करत नाही. जखमेतून तो नसेत शिरतो आणि नसेच्या आतून, भिंतीआडून चालावं तसा, वर मेंदूकडे सरकतो. पहारेकऱ्यांना दिसतच नाही. मेंदूत पोचला की मग कोणाच्या हातात काही राहत नाही. पण तो फार हळू चालतो. आठवडे लागतात, कधी महिने. तेवढा वेळ आपला आहे.

सुईत हाच विषाणू असतो, मेलेला. तो दंडात टोचतात म्हणजे दार वाजवून दाखवतात, की बघा, असा चेहरा आहे. आता पुढचं नीट वाचा, कारण ते तुमच्याच कामाचं आहे. दंडात काही पेशी असतात, त्यांचं काम कोतवालाचं, तुम्ही गावात करत होता तेच. त्या स्वतः लढत नाहीत. त्या मेलेल्या शत्रूचा एक तुकडा उचलतात आणि चालायला लागतात, थेट काखेतल्या गाठींपर्यंत. ती आपल्या अंगाची चावडी. तिथे लाखो पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या हाताची घडण वेगळी. कोतवाल तो तुकडा दाखवत फिरतो. हा कोणाच्या हातात बसतो? तुझ्या? तुझ्या? कोणाच्याच बसत नाही, बसत नाही, आणि मग एकीच्या बसतो.

आबाजी, मला हे शिकून चार वर्षं झाली तरी इथे आलं की माझं वाचन थांबतं. त्या पेशीने तो रोग कधी पाहिलेला नसतो. तुमच्या सात पिढ्यांत कोणाला झालेला नसतो. कोणता रोग येणार हे माहीत नसताना अंग रोज नवनव्या घडणीचे हात तयार करून ठेवतं, बहुतेक कधीच कामी न येणारे. त्यांतला एक नेमका त्या कोल्ह्याच्या रोगासाठी निघतो. तो जागा झाला की एकाचे दोन, दोनाचे चार, असे हजारो होतात.

शर्यत एवढीच आहे. तो नसेतून वर चढतो आहे आणि तुमची चावडी अजून भरलेलीच नाही, कारण कोतवालाला तुम्ही कामच दिलं नाही.

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा. तिखट काढून टाका. डॉक्टरांना खरं सांगा. आणि त्या गाईच्या तोंडाला आणखी कोणाकोणाचा हात लागला, ते मला कळवा.

उठा आता.

मेघा

*

हिंगणी
४ डिसेंबर २०२४

चि. मेघास जय भीम.

अश्वजित पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, "आबाजी, मी वाचलं नाई हां." तोंडावरूनच दिसत होतं की वाचलं आहे. मी वाचून होईपर्यंत त्याने गाडी बंदच केली नाही. तानबालाही मध्ये बसवलं. त्याच्या हातालाही लाळ लागली होती.

दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "हात कोणी घातला?" तानबा म्हणाला, "मी नाई बाई, यायनं घातला. मी निस्ता जबडा धरला." तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "तुम्ही हिंगणीचे कोतवाल ना? डफडं वाजवत यायचे, लस टोचायले चला म्हणून? लहानपणी तुमचा आवाज आला की मी कोठीत लपत होती. आणि आता तुम्हीच काऊन लपून राह्यले?"

 तीस-पस्तीस वर्षं मी गावाला सांगत फिरलो, सुईले भेऊ नका.

एक सुई तिथेच दंडात दिली. जखमेत भरायचं औषध वर्ध्याला मिळालं. डॉक्टरांनी जखम धुतली, धुतली, पुन्हा धुतली. मग ते औषध जखमेच्या चारी बाजूंनी टोचलं. तिखटापेक्षा झोंबलं. दंडात पुढच्या सुयाही झाल्या, थोड्या राहिल्या आहेत. इथपर्यंत तुला अश्वजितने कळवलंच असेल. आता जे त्याला सांगितलं नाही ते लिहितो.

काल आंघोळ करताना काखेत हात गेला तर गाठ लागली. बोराएवढी. दाबली की दुखते. ज्या दंडात सुई देतात त्याच बाजूला, आणि दात लागला तोही तोच हात. तू लिहिलं होतंस ते वर सरकतं, नसेतून. मनगटापासून निघालं तर वाटेत काखच लागते ना? मला वाटतं ते काखेपर्यंत आलं.

मी म्हातारा आहे, मेघा. गावात कोतवाल होतो तेव्हा चावडीपासून धरणाच्या वस्तीपर्यंत एका दमात जायचो. आता संडासला जाताना दोनदा थांबतो. माझ्या अंगातला कोतवालही माझ्याच वयाचा असेल ना? तो तुकडा घेऊन निघाला आणि वाटेतच बसला तर?

मी गोठ्यात झोपतो. थंडी आहे, पण झोपतो. तुझ्या आईला वाटतं मी रुसलो आहे. ताट वेगळं ठेवतो, गडवा वेगळा ठेवतो. परवा अश्वजितची आचल धावत आली आणि माझ्या गडव्याला तोंड लावू लागली. मी तो हिसकून घेतला. पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. पाच वर्षांची पोर, रडली नाही, नुसती पाहत राहिली. तेव्हापासून ती गोठ्याकडे येत नाही.

माझ्या हाताचं गावात तानबा आणि अश्वजित सोडून कोणाला माहीत नाही, आणि होऊ देऊ नको. का ते सांगतो. मी आचलपेक्षा थोडा मोठा असेन तेव्हा नत्थूजी नावाच्या माणसाला कुत्रं चावलं होतं. पुढे त्याचं व्हायचं ते झालं. त्याला गोठ्याच्या खांबाला बांधलं. माझा बाप कोतवाल. पहाऱ्याला त्यालाच बसवलं आणि दवंडीही त्यालाच द्यायला लावली, पोरं घरात ठेवा, कवाडं लावा. गावात एक कवाड उघडं नव्हतं. नत्थूजी ओरडत होता आणि माझा बाप त्याच्याकडे पाठ करून बसला होता. मी बापाला भाकर घेऊन गेलो होतो, म्हणून पाहिलं. मला मरणाची भीती आहेच. पण त्या खांबाची जास्त आहे.

बाकी कोणाचा हात लागला ते तू विचारलं होतंस. ते त्यांचं ते पाहतील. मी विचारायला गेलो तर माझं निघेल.

गाठीचं खरं काय ते लिही. मन राखायला लिहू नको.

आबाजी

*

पुणे
७ डिसेंबर २०२४

आबाजी, जय भीम.

हेही दादाच छापून आणेल. या वेळी त्याला वाचायची परवानगी आहे.

मन राखून लिहीत नाही. पुढच्या सुईला जाल तेव्हा गाठ डॉक्टरांना दाखवा, मोठी झाली किंवा ताप आला तर त्याआधीच. पण मला जे वाटतं ते वाचा. हा रोग काखेत गाठ करत नाही. तो असा दिसतच नाही, तेच तर त्याच्यातलं भयंकर आहे. ज्या दंडात सुई, त्याच बाजूच्या काखेत गाठ, म्हणजे चावडी भरली आहे, आबाजी. कोतवाल पोचला. ज्याच्या हातात तो तुकडा बसला, ती पेशी सापडली आणि आता तिथे एकाच्या हजार होत आहेत. एवढीशी जागा, एवढी गर्दी, म्हणून फुगली. दाबली की दुखते कारण आत सभा चालू आहे. तुम्ही ज्याला मरण समजलात ते तुमचंच अंग आहे, कामाला लागलेलं. दर सुईला सभा पुन्हा भरते, अंग आधीच्या हातांपेक्षा जास्त पक्की पकड असलेले हात निवडतं, आणि सैल पकडीचे आपोआप मागे पडतात.

तुमचं म्हातारपणाचं बरोबर आहे. वय झालं की कोतवाल हळू चालतो, चावडीत माणसंही कमी जमतात. पण चालतो. आणि तोवर अंग उघडं पडू नये म्हणूनच जखमेत ते दुसरं औषध भरलं. त्यात तयार हात असतात. दुसऱ्या कोणाच्या अंगाने आधी शिकून घडवलेले. कधी माणसाच्या, कधी घोड्याच्या. कुठल्या तरी तबेल्यातला एक घोडा हा रोग ओळखायला शिकला आणि त्याच्या रक्तातलं शिकलेलं घेऊन ते दुसऱ्याच्या मनगटात भरतात. तुमच्या मनगटात माणसाचं भरलं की घोड्याचं ते दवाखान्यात विचारा, पण कोणीतरी तुमच्यासाठी पहाऱ्याला बसलं होतं आणि त्याने तुमच्याकडे पाठ केली नव्हती.

शंभर टक्के असं कोणी लिहून देत नाही. तुम्ही उशिरा गेलात, तेवढी काळजी मलाही आहे. पण तुम्ही पुढे आहात असं मला वाटतं.

गोठ्यातून घरात या. तुमच्या ताटाने, गडव्याने, पापी घेतल्याने आचलला काही होणार नाही.

आता माझं मागणं. तानबाकाकाच्या गाईला नळीने औषध कोणी पाजलं? भाकर कोणी चारली? ज्यांनी फक्त तापवलेलं दूध किंवा त्याचं ताक घेतलं त्यांना भीती नाही. पण ज्यांच्या चिरलेल्या, भेगाळलेल्या हाताला ती लाळ लागली, ते लोक आत्ता घरात बसून गडव्यातल्या पाण्याकडे पाहत असतील, तुमच्यासारखेच. किंवा पाहतही नसतील. त्यांच्या चावडीत अजून कोणी गेलेलंच नाही.

अंगातला कोतवाल कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. तुम्ही पाहता आहात का?

मेघा

*

हिंगणी
२६ डिसेंबर २०२४

चि. मेघास आबाजीचा जय भीम.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. शेवटची ओळ तू लिहायला नको होतीस. तिसऱ्या दिवशी खुंटीवरचं डफडं काढलं. त्याचं कातडं सैल झालं होतं, ते चुलीजवळ धरून तापवलं. तुझी आई म्हणाली, "हे काय काढून राह्यले?" मी म्हटलं, काम निघालं.

चौकात रूपराव भेटला. म्हणतो, "हरिदासभाऊ, कोण्या जमान्यात हाये तुम्ही? ग्रुपवर टाका ना!" मी म्हटलं, "तुह्या ग्रुपवर कोणाच्या मरणाले कोणी अंगठ्याच्या वर काही देते का?" तो हसला. मग त्याच्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. विळा लागलेला, कापड बांधलेलं. गाईला बांबूच्या नळीने काढा पाजणारा तोच. मी वाजवायला सुरुवात केली.

काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहितो.

"ऐका होऽ! तानबाच्या लाल गाईच्या तोंडाले ज्याचा ज्याचा हात लागला, त्यानं उद्या सकाळी सेलूच्या दवाखान्यात चालायचं होऽ! तानबाचा टेम्पो चौकात उभा राहीन! हा हरिदास सांगून राह्यला, माह्यासारखा कोपरापर्यंत हात कोणी घातला नसन! मी सुई घेतली होऽ! पोटात नाई, दंडात! कवाडं लावू नका होऽ, बाहेर या!"

पहिल्या गल्लीत माझा आवाज फाटला. वाटलं, आता लोक पोरांना आत ओढतील. एकीने ओढलंच. मी पुढे गेलो. मग यशोदाबाईच्या घराचं कवाड उघडलं. किराणा दुकानवाली, तू ओळखतेस, तोंडाने तिखट. दारात उभी राहून दोन्ही हात पुढे केले. थंडीने तळव्यांना भेगा पडलेल्या. म्हणाली, "मी तिले रोज भाकर चारत होती, भाऊ. जीव होता तिच्यावर. मी मरतो का आता?"

"नाई मरत, बाई. अजून टाइम हाये. उद्या चाल."

"तुम्हाले काही नाई झालं?"

मी डफडं खाली ठेवलं आणि काख दाखवली. भर गल्लीत. "ही गाठ पाहा. तुले बी अशी आली तं घाबरू नको. आत सभा भरते."

ती माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तशी पाहत राहिली. मग म्हणाली, "काही बी बोलता भाऊ," आणि पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी टेम्पोत सगळ्यांत आधी तीच बसली होती. रूपराव सगळ्यांत शेवटी आला, मफलरीत तोंड लपवून. टेम्पो भरला. सिस्टर मला पाहून म्हणाली, "आता जमलं तुमचं, कोतवाल." तेव्हापासून यशोदाबाई रोज दुकानातून ओरडून विचारते, "भाऊ, मले अजून गाठ नाई आली, माही सुई वाया गेली काय?" तिला मी सांगितलं, गाठ सगळ्यांना येत नाही. असं मीच ठरवून सांगितलं. बरोबर आहे का ते कळव, नाहीतर तिला पुन्हा सांगावं लागेल.

माझी शेवटची सुई झाली. गाठ डॉक्टरांना दाखवली, तेही तुझ्यासारखंच बोलले. आता ती गेली. आली तेव्हा घाबरलो होतो, गेली म्हणूनही घाबरलो. मग गोठ्यात पडल्या पडल्या विचार केला, की सभा उठल्यावर चावडी रिकामीच असते. माणसं आपापल्या घरी गेली असतील. पण ज्यांनी तो चेहरा पाहिला ते विसरणार नाहीत, असं तूच मागे कधीतरी गोवराच्या बाबतीत सांगितलं होतंस.

मेघा, मी एवढी वर्षं या अंगाला नुसतं वाहून नेलं. भूक लागली की शिव्या दिल्या, गुडघे दुखले की शिव्या दिल्या. आत इतकं चाललेलं असतं हे मला कोणी सांगितलं नाही. मी गावात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची दवंडी दिली, आणि माझ्या कातडीच्या आत कोणी माझंच काम करत होतं, पगार नाही, वर्दी नाही, कोणी हाक मारली नाही. माझ्या बापाच्याही अंगात तो असेल. नत्थूजीच्याही होता. त्याला कोणी तो तुकडाच नेऊन दिला नाही, नाहीतर तोही चालला असता.

तू म्हणतेस महिनेही लागतात, म्हणून मी अजून रोज सकाळी पाणी पाहतो. सवय जात नाही. पण आता गोठा सोडून घरात बसून पाहतो. आज आचल येऊन शेजारी बसली. पहिल्यांदाच. तिला अश्वजितने काय सांगितलं कोण जाणे, तिने माझा हात वर केला, काखेला कान लावला आणि विचारलं, "आबाजी, तुमचा कोतवाल झोपला का?"

"नाई," मी म्हटलं, "गस्तीवर गेला."

मी अर्धा गडवा प्यायलो. उरलेला तिने दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. माझा हात उठला होता, तो मी तिच्या पाठीवर ठेवला. पाणी संपेपर्यंत तिने गडवा खाली केला नाही.

तुझा आबाजी,
हरिदास, कोतवाल